घर बायकोचं, पण बेदाणा स्टोरेजला

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. बेदाण्याचे ६ लाख ४० हजार रुपये एका व्यापाऱ्याकडे अडकलेत. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात १४ महिन्यांपूर्वी हुकूमनामा माझ्या बाजूनं झाला, अपील झालेलं नाही. व्यापारी म्हणतो, ‘माझ्या नावावर काही नाही, घरही बायकोचं.’ पण त्याचा माल कोल्ड स्टोरेजला आहे, एका अडत्याकडून येणं आहे, सहकारी बँकेत खातं आहे. यातून वसुली होईल का?

उत्तर : होईल. घराचा नाद मात्र सोडा. ते त्याच्याच पैशानं घेतलं हे शाबीत करता करता तुमच्या बागेच्या चार छाटण्या होतील.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली लगेच दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. मुदत १२ वर्षांची आहे, पण हुकूमनाम्याला २ वर्षं उलटली की नियम २२ प्रमाणे आधी त्याला नोटीस काढावी लागते. आज ती लागत नाही, आणि माल हलवायला त्याला एक रात्र पुरते. तेव्हा मार्केट यार्डात चहा पिताना हा विषय काढू नका.

अडत्याचं येणं नियम ४६ खाली जप्त होतं : अडत्यानं द्यायचं नाही, व्यापाऱ्यानं घ्यायचं नाही. मग प्रतिज्ञापत्रासह ४६-अ चा अर्ज द्या. पैसे कोर्टात भरा किंवा हजर होऊन कारण दाखवा, अशी नोटीस अडत्याला निघते. तो गप्प राहिला तर कोर्ट भरण्याचा हुकूम करू शकतं आणि तो हुकूम अडत्यावरच हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. बहुधा तो म्हणेल, ‘मीच त्याला उचल दिलीय.’ मग तेवढा मुद्दा दाव्यासारखा चालेल. तेव्हा मिळतील त्या विक्रीच्या पट्ट्या आणि हिशेबाच्या झेरॉक्स आत्ताच गोळा करा.

स्टोरेजचा माल व्यापाऱ्याच्या हवाली करू नये, असा मनाई हुकूम स्टोरेजच्या मालकावर निघतो. बेदाण्यावर माल तारण कर्ज मात्र नेहमीचंच. तसं असेल तर बँकेचं भागून उरेल तेवढंच तुमचं.

खातं कसलं आहे, ते लिहिलं नाहीत. बचत किंवा मुदत ठेव असेल तर जप्ती चालते. व्यापाऱ्यांचं बऱ्याचदा कॅश क्रेडिट, म्हणजे कर्जाचं खातं असतं. त्यात बाकी बँकेचीच निघते, मग जप्त काय करणार?

व्यापाऱ्यानं आणखी शेतकऱ्यांना बुडवलंय का? कोर्टात पैसे जमा होण्याआधी त्यांच्याही दरखास्ती त्याच कोर्टात आल्या, तर कलम ७३ प्रमाणे सगळ्यांना हिश्श्यानं वाटप होतं.

हे सगळे हुकूम बजावून झाल्यावरच नियम ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागवा. कोर्टानं सांगूनही दिलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हा अर्ज आधी केलात तर तो सावध होईल.