वारीतील रिंगणाच्या फोटोत कडेला आलेला मोबाइलधारी हात खोडून स्पर्धेला पाठवावा का?

हात खोडू नका. उजवीकडची चौकट थोडी आत घेऊन तो कापून टाका आणि मगच हा फोटो पाठवा. वारीचे छायाचित्र बहुधा वृत्तछायाचित्रण किंवा प्रवास या गटात जाते आणि तिथे क्रॉप (म्हणजे कडा कापणे), उजेड-अंधार व रंगाची माफक दुरुस्ती सहसा चालते, पण चित्रातील वस्तू काढणे वा घालणे चालत नाही. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या आंतरराष्ट्रीय वृत्तछायाचित्र स्पर्धेने 2010 मध्ये क्रीडा गटातील एक पारितोषिक काढून घेतले, ते पार्श्वभूमीत डोकावणारा पायाचा तुकडा पुसल्यामुळे. त्याच फोटोचा केलेला मोठा क्रॉप मात्र नियमबाह्य ठरला नव्हता. मूळ फाइल जपून ठेवा, कारण अंतिम फेरीत ती मागितली जाऊ शकते. धावत्या अश्वाचे पाय धूसर आले आहेत, ते 1/125 सेकंदाच्या शटरवेगाला येणारच (पाय गोठवायचे तर 1/1000 लागते). परंतु डोळा आणि आयाळ स्पष्ट असल्याने ती धूसरता मला उलट वेगाची खूण वाटते, तेव्हा शार्पनिंग (संपादनात कडा ठळक करणे) वाढवू नका. गट 'सर्जनशील' असेल तर खोडण्याला मुभा असू शकते, म्हणून नियमावलीतील संपादनाचे कलम आधी वाचा.