आधी अंकुर, मग घाणा

प्रिय मुली,

तुझा प्रकल्प अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचला. रोज 10 टन मका, त्याचं तेल, तेलाच्या बाटल्या, बाटलीवर 'कच्ची घाणी मका तेल' असं लेबल. पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेचं 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, तेही हिशेबात धरलंय. आणि सोबतच्या पत्रात तुझा प्रश्न : एक्सपेलर (मळसूत्राच्या दाबानं तेल काढणारं यंत्र) घेऊ की लाकडी घाणा? घरचे काका म्हणतात घाणा, सल्लागार म्हणतो एक्सपेलर, आणि तुला रात्र-रात्र झोप नाही. पत्रभर यंत्रांची नावं आहेत, क्षमता आहेत, किमती आहेत. मक्याच्या अंकुराचा, म्हणजे दाण्यातल्या ज्या भागात तेल असतं त्याचा, ओलावा एकदाही नाही. त्याची एफएफए, म्हणजे तेल नासलं की वाढणारी मुक्त मेदाम्लं, नाही. अंकुर येणार कुठून, हेही नाही. म्हणून लिहायला बसलोय, आणि थोडं रागावूनच लिहितोय.

आधी गणित कर. अख्ख्या मक्यात तेल 4 ते 5 टक्के. चांगला एक्सपेलरही पेंडीत 6-7 टक्के तेल मागे ठेवतो, लाकडी घाणा त्याहून जास्त. म्हणजे अख्खा मका कुठल्याही यंत्रात घातलास तरी हाती भरडाच येईल. दाण्यातलं पाचात चार हिस्से तेल अंकुरात असतं, आणि अंकुर म्हणजे दाण्याच्या वजनाचा जेमतेम नववा-दहावा भाग. गिरणीत कोरड्या पद्धतीनं वेगळ्या केलेल्या अंकुराला कोंडा आणि पीठ चिकटलेलं असतं, त्यामुळे त्यात 20 टक्क्यांच्या आसपास तेल भरतं. असा 100 किलो अंकुर एक्सपेलरमध्ये पिळलास, पेंडीत 7 टक्के राहिलं, तर 14 किलो तेल मिळेल. तुझ्या 10 टन मक्यातून अंकुर निघणार साधारण 1 टन. म्हणजे रोजचं तेल 140 किलो. उरलेला 9 टन रवा, कणी, भरडा आणि कोंडा रोज कोण घेणार? अहवालात त्यावर एक ओळ नाही. तू मक्याच्या गिरणीचा धंदा मांडते आहेस आणि त्याला तेलाचा धंदा म्हणते आहेस.

मक्याचं तेल जगात सगळीकडे कशाच्या तरी मागोमाग आलं. अमेरिकेत 1911 साली 'मझोला' घराघरांत जायला लागलं, ते स्टार्चच्या कंपनीनंच काढलं होतं. आपल्याकडेही दोंडाईचा, चाळीसगावसारख्या ठिकाणी मका जातो तो स्टार्चसाठी. तिथली ओली पद्धत एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये, ओळख मी काढून देतो. 50 अंशाच्या पाण्यात, किंचित सल्फर डायऑक्साइड घालून, दीड-दोन दिवस मका भिजतो. प्रथिनांची पकड सुटते आणि अंकुर रबरासारखा लवचीक होतो. मग जाडसर दळण केलं की दाणा फुटतो पण अंकुर अखंड राहतो. आत तेल असल्यामुळे तो हलका असतो, हायड्रोसायक्लोनमध्ये, म्हणजे पाणी गरगर फिरवून हलकं-जड वेगळं करणाऱ्या यंत्रात, वर येतो. तो धुऊन, पिळून, वाळवला की त्यात 45 ते 50 टक्के तेल असतं. सगळी करामत अंकुर न फोडण्यात आहे. अंकुर फुटला की तेल स्टार्चमध्ये गेलं. मग स्टार्चही बिघडला आणि तेलही गेलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि ते या पत्रात पुन्हा पुन्हा येईल : आधी अंकुर बघ. अखंड, ताजा, कोरडा. तेलाचं बरंवाईट घाण्यावर पोचण्याआधीच ठरलेलं असतं.

अंकुर हा दाण्यातला जिवंत भाग. त्यात तेल आहे आणि तेल तोडणारं लायपेज नावाचं विकरही आहे. दाणा शाबूत असेपर्यंत दोघं आपापल्या जागी असतात. अंकुर चेचला गेला, ओल राहिली, ढीग लागला, की लायपेज कामाला लागतं आणि मुक्त मेदाम्लं वाढायला लागतात. ढिगात हात घालून बघ, ऊब लागली तर उशीर झालाच म्हणून समज. गिरणीतून निघणारा अंकुर ओलसर असतो, कारण कोंडा सुटावा म्हणून दाण्याला आधी पाणी मारलेलं असतं. तो त्याच दिवशी वाळायला हवा, पिळण्याआधी त्यातली ओल 3-4 टक्क्यांवर यायला हवी. आणि वाळवताना करपायला नको. करपलेल्या अंकुराच्या तेलाला जो काळपट रंग चढतो तो ब्लीचिंगच्या मातीनंही उतरत नाही.

"रिफायनरीत सगळं निघून जातं" असं तुझ्या सल्लागारानं लिहिलंय. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आणि आयुष्यभर त्याच्याशी भांडलो. कॉस्टिक सोडा घालून आम्ल काढता येतं, पण त्याचा साबण होतो आणि तो साबण जाताना चांगलं तेल सोबत ओढून नेतो. वाढलेल्या एफएफएच्या प्रत्येक टक्क्यामागे हातातलं तेल जातं. अंकुरात कोंडा जास्त आला तर सालीवरचं मेण तेलात उतरतं, ते थंडीत गढूळ होतं, मग ते मेण काढण्याचा, डीवॅक्सिंगचा खर्च. रिफायनरी हवीच, त्यात वाद नाही. अन्नसुरक्षा मानकांत मका तेल म्हणजे स्वच्छ, निकोप मक्याच्या अंकुराचं रिफाइन केलेलं तेल. म्हणून 'कच्ची घाणी'चं लेबल आजच फाडून टाक. पण रिफायनरी नासलेल्याला ताजं करत नाही. आधी अंकुर.

मी ज्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो तिथे पावसाळ्यात बाहेरून अंकुर यायचा. ताडपत्रीखाली, वाफाळलेला. मी नमुना काढायचो, टायट्रेशन करून आम्ल मोजायचो आणि गाडी उतरवू नका असं रजिस्टरात लिहायचो. गाडी उतरायचीच. मी पुन्हा लिहायचो. अखेर मला प्रयोगशाळेतून काढून स्टोअरला बसवलं. हेकट, आडमुठा, 'मास्तर' अशी नावं पडली. घरचेही म्हणाले, नोकरी कर, कारखाना तुझ्या वडिलांचा आहे का? मला आजही वाटतं की मीच बरोबर होतो. त्या तेलात लोकांच्या पोरांच्या पुऱ्या तळल्या जाणार होत्या. मी गप्प बसलो असतो तर पगार वाढला असता, बाकी काही सुधारलं नसतं. खंत एकाच गोष्टीची आहे. कोरडा मका आणणाऱ्या शेतकऱ्याला क्विंटलमागे जादा भाव द्या, हे मी मालकांच्या गळी उतरवू शकलो नाही. वाळवलेला आणि ओला एकाच भावात गेला तर कोण वाळवणार? तुझे वडील वाळवतात, परतीच्या पावसात रस्त्यावर रात्र काढून. त्यांना त्याचं काय मिळतं, हे तू मला सांगायची गरज नाही.

आणि हा प्रश्न फक्त तेलाचा नाही. ओल्या मक्यावर बुरशी येते. तिची विषं दाण्यात सगळीकडे सारखी नसतात. अंकुरात आणि कोंड्यात जास्त साठतात. त्यातलं अफ्लाटॉक्सिन बहुतेक पेंडीत राहतं, पेंड गाई-म्हशीला जाते आणि तेच विष रूप बदलून दुधात उतरतं. झिअरॅलेनोन हे दुसरं विष तर तेलातच विरघळतं. युरोपानं रिफाइन केलेल्या मका तेलासाठी त्याची वेगळी मर्यादा ठरवली आहे. तुझ्या अहवालात पेंडीचं उत्पन्न मोठ्या आकड्यात आहे, पेंडीची तपासणी कुठेच नाही. तुझ्या पट्ट्यात घरटी जनावर आहे, ग!

आता काय करायचं ते सांगतो. यंत्राचा ॲडव्हान्स देऊ नकोस. दिला असशील तर परत माग, संकोच करू नकोस. सिल्लोड-कन्नडच्या पट्ट्यात मका भरपूर आहे, पण तुला मका नको, अंकुर हवा. मक्याचा रवा-कणी काढणाऱ्या गिरण्या शोध. त्यांचा अंकुर आज कुठे जातो ते विचार. बहुतेक ठिकाणी तो कोंड्याबरोबर पशुखाद्यात जात असेल. गिरणी पक्की झाली तर तुझा छोटा एक्सपेलर आणि ड्रायर तिच्या दाराशी बसव, तुझ्या गावात नको. अंकुराला प्रवास घडवू नकोस. कच्चं तेल गाळून रिफायनरीला वीक, बाटलीचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. गिरणी मिळाली नाही तर हा धंदा करू नकोस. हे मी तुटकपणे लिहितोय, कारण अनुदान मिळतंय म्हणून उभ्या राहिलेल्या आणि मालाशिवाय गंजलेल्या शेड मी पाहिल्या आहेत. कर्ज मात्र घरावरच राहतं. घाणाच लावायचा असेल तर करडई, शेंगदाणा, जवस आहेत. ती घाण्याची पिकं आहेत.

घरच्या काकांना हे पत्र दाखव. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

आणि गिरणीत जाशील तेव्हा घट्ट झाकणाचे तीन डबे ने. एकात यंत्रातून निघताच काढलेला अंकुर, दुसऱ्यात त्याच ढिगातला दुसऱ्या दिवशीचा, तिसऱ्यात चौथ्या दिवशीचा. प्रत्येकावर तारीख आणि वेळ लिही. टायट्रेशन तू स्वतः कर, कॉलेजात शिकली आहेस. तिन्ही आकडे मला कळव, मग यंत्राचं बोलू.

तुझा,
काका