वाचकांचे प्रश्न : एलएलएम करू की राज्यशास्त्रात एमए?

प्रश्न : ताई नमस्कार, माझं एलएलबी झालंय आणि गेलं दीड वर्ष एका सिनिअर वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करतेय. तारखा घेणं, फाईली लावणं, कोर्टात उभं राहणं यातच दिवस जातो, तक्रार नाही त्याबद्दल, शिकायला मिळतं. पण घरी आल्यावर मी जुने निकाल वाचत बसते आणि दरवेळी एकच प्रश्न पडतो, की न्यायाधीशांनी असं ठरवलंच का, त्या वेळी बाहेर काय चाललं होतं? सिनिअरना विचारलं तर म्हणाले हा कायद्याचा प्रश्न नाही, तू आधी रेशो शोध, म्हणजे निकाल ज्या कारणावर उभा आहे ते. पुढे एलएलएम करावं की राज्यशास्त्रात एमए हे ठरतच नाहीये. आई म्हणते वकील होऊन परत एमए करणं म्हणजे उलटं चालणं.

उत्तर : पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण एवढा नेमका प्रश्न फार कमी जण विचारतात. बहुतेक पत्रांत "स्कोप कशाला आहे" एवढंच असतं. तुझे सिनिअर चुकीचं सांगत नाहीयेत. ते एका विषयाच्या आतून बोलतायत, तुझा प्रश्न दुसऱ्या विषयातला आहे इतकंच.

एकच निकाल दोन्ही वर्गांत कसा वाचतात ते सांगते. १९७५ ला आणीबाणी लागली, हजारो लोकांना मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता अटकेत ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत टाकलं, मग हायकोर्टांत हेबियस कॉर्पसचे, म्हणजे अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असे, अर्ज गेले आणि नऊ हायकोर्टांनी सांगितलं की अटक कायदेशीर आहे का ते आम्ही तपासू शकतो. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्यात पाचपैकी चार न्यायाधीशांनी निकाल दिला की आणीबाणी आहे तोवर असा अर्ज करताच येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळं बोलले, आणि जानेवारी १९७७ मधे सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी आली तेव्हा त्यांना डावलून न्यायमूर्ती बेग यांना नेमलं, खन्नांनी राजीनामा दिला.

आता एलएलएमच्या वर्गात काय विचारतील? आणीबाणीतल्या कलम ३५९ खालच्या आदेशाने कलम २१ साठी, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टात जायचा हक्क थांबला हे मान्य, पण जगण्याचा हक्क फक्त कलम २१ मधूनच येतो का, की संविधान नसतं तरी कायद्याच्या राज्यात तो असताच? खन्नांचा युक्तिवाद कुठे भक्कम आहे आणि कुठे कच्चा? २०१७ मधे खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला तो कोणत्या कारणाने? म्हणजे सगळा भर कारणमीमांसेवर, काय बरोबर होतं यावर.

आणि एमएच्या वर्गात विचारतील, नऊ हायकोर्टांना जे जमलं ते वरच्या कोर्टाला का नाही जमलं? मग तू मागे जाशील. एप्रिल १९७३ मधे केशवानंद भारतीचा निकाल (संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही असं सांगणारा) लागल्या लागल्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना बाजूला ठेवून न्यायमूर्ती ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, आणि जबलपूर खटल्याच्या पीठावर अध्यक्ष तेच होते. १९७६ मधेच हायकोर्टाच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. हे सगळं एकापुढे एक ठेवलं की वाटतं उत्तर मिळालं, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. नेमणुकांमुळे निकाल असा लागला हे दाखवायचं कसं? हायकोर्टाचे न्यायाधीशही त्याच हवेत जगत होते की, त्यांच्याही बदल्यांची टांगती तलवार होतीच, तरी ते का वाकले नाहीत? दुसऱ्या देशांत आणीबाणीत कोर्टं कशी वागली? वाटणं आणि दाखवता येणं यातलं अंतर कसं कापायचं ते राज्यशास्त्र शिकवतं, निदान चांगल्या विभागात तरी शिकवतात.

तुझ्या पत्रावरून मला तुझा कल एमएकडे दिसतो. फक्त एक नीट समजून घे, एमएमधे कोर्टं हा लहानसा भाग असतो. राजकीय विचारवंत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, प्रशासन, संशोधनपद्धती हे सगळं करावं लागतं आणि ज्याला फक्त निकालांतच रस आहे त्याला पहिलं वर्ष जड जातं. आणि पुढे शिकवायचा विचार असेल तर आत्ताच बघ, लॉ कॉलेजात कायदा शिकवायला एलएलएम लागतं, राज्यशास्त्र शिकवायला त्यातलं एमए, आणि नेट परीक्षाही ज्यात पदव्युत्तर केलंय त्याच विषयात द्यावी लागते. हा निर्णय नंतर बदलायचा म्हणजे दोन वर्षं जातात.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. तुला सगळ्यात छळणारा एक निकाल घे आणि त्यावर दोन पानं "हा बरोबर आहे का" म्हणून लिही, दोन पानं "हा असा का लागला" म्हणून लिही. कुठली दोन पानं लिहिताना घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते बघ.

आईला हान्स केल्सनबद्दल सांग. व्हिएन्नात कायद्याची डॉक्टरेट केलेला माणूस, १९२० च्या ऑस्ट्रियाच्या राज्यघटनेच्या मसुद्यात त्याचा मोठा हात होता, आणि कायद्याचा अभ्यास राजकारणापासून पूर्ण वेगळा ठेवा असं आयुष्यभर मांडत आला. नाझी आल्यावर जर्मनीतली प्रोफेसरकी गेली, देश बदलत शेवटी अमेरिकेत पोचला आणि बर्कलीला शिकवायला लागला तो राज्यशास्त्र विभागात. त्याला कुणी उलटं चालला म्हटलं नाही.

प्रश्न : मी राज्यशास्त्राचा पदवीधर आहे, वय ३८, नोकरी करतो. संविधानावर संशोधन करायची फार इच्छा आहे पण एलएलबी नाही. कायद्याची पदवी नसताना निकालांवर लिहिलं तर लोक गंभीरपणे घेतील का?

उत्तर : घेतील, पण तुम्हाला निकाल वाचता येतो हे दिसलं तर. एलएलएमला आधी कायद्याची पदवी लागते, राज्यशास्त्रातल्या पीएचडीला लागत नाही, त्यामुळे दार उघडं आहे. लोक घसरतात ते वाचनात. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, वाचून लिहितात, आणि हेडनोट कोर्टाने लिहिलेली नसते, रिपोर्ट छापणाऱ्या संपादकाने लिहिलेली असते. किंवा न्यायाधीशांनी जाता जाता केलेलं विधान उचलतात आणि कोर्टाने ठरवलं म्हणून सांगतात. आधी घटना काय घडली, कोर्टापुढे नेमका प्रश्न कुठला होता, आणि तो सुटायला जेवढं लागलं तेवढाच रेशो, बाकी ऑबिटर, म्हणजे जाता जाता केलेली विधानं. केशवानंद भारती घ्या, १३ न्यायाधीश, ११ वेगवेगळी निकालपत्रं आणि बहुमत सातविरुद्ध सहा, त्यात कोण कुठल्या मुद्द्यावर कोणाबरोबर आहे याचा तक्ता स्वतःच्या हाताने करून बघा. आठवडा जाईल, जाऊ द्या.

आणि तुमच्याकडे जे आहे ते वकिलांकडे सहसा नसतं. संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही या कल्पनेमागे जर्मनीचा अनुभव आहे. तिथे हिटलरच्या आधीचं वायमार प्रजासत्ताक आतून पोखरलं गेलं म्हणून १९४९ च्या घटनेत काही तरतुदी कधीच बदलता येणार नाहीत असं लिहून ठेवलं, आणि १९६५ मधे डिट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान देऊन हाच प्रश्न भारताबाबत विचारला. ही वाट राज्यशास्त्राच्या माणसाला पटकन दिसते.

प्रश्न : पीएचडीला "भारतीय न्यायव्यवस्था आणि लोकशाही" हा विषय दिला तर गाईड म्हणाले फार मोठा आहे. लहान कसा करू?

उत्तर : गाईड बरोबर आहेत, यावर दहा जणांचे दहा प्रबंध होतील. एक शब्द धर. कलम २१ च्या आधीच्या मसुद्यात "ड्यू प्रोसेस" होतं, म्हणजे कायदा न्याय्य आहे का हेही कोर्टाने तपासायचं, मसुदा समितीने ते काढून "कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती" असं केलं, जपानच्या घटनेतल्या शब्दांचा दाखला देऊन. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत जाऊन तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी यावर बोलून आले होते. घटना समितीत यावर जोरदार वाद झाला, बाबासाहेबांनी १३ डिसेंबर १९४८ ला दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोडला. कोण कशाला घाबरत होतं, कोर्टांना की सरकारला, हा तुझा प्रश्न होऊ शकतो. पुढच्या भेटीला जाताना ६ आणि १३ डिसेंबर १९४८ ची कार्यवाही वाचून जा आणि कोण कुठल्या बाजूने बोललं त्याची यादी गाईडपुढे ठेव.