पोत्यातली वानगी आणि लेकीचं करिअर

पत्र: मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'एमएचसी', 'टॅप' असलं काहीतरी वाचत बसते, त्यातच पुढं शिकायचं म्हणते. पाहुणे म्हणतात, बीएड करू द्या. यात पोट भरेल का?

दिवाणजी, ती काय वाचते ते आधी यार्डाच्या भाषेत सांगतो. हळदीचं अख्खं पोतं कुणी ओतून बघत नाही, वानगी बघून माल जोखतात. पेशीचंही तसंच. आतल्या प्रथिनांचे तुकडे होतात, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे. 'टॅप' हे त्यांना आतल्या खोलीत घेणारं दार. तिथं 'एमएचसी' रेणू तुकडा धरतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर येऊन दाखवत उभा राहतो. टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, त्यात विषाणूचा तुकडा दिसला, की ती पेशीच त्या मारून टाकतात. ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू भलताच बेरकी, तो टॅपचं दारच अडवतो. पण वानगीच न दाखवणाऱ्या पोत्याचा संशय घेणाऱ्या वेगळ्या पेशीही शरीरात असतात! पोरगी यात रमली तर नवल नाही.

टी-पेशी विषाणूचा तुकडा स्वतःच्या एमएचसीवरच ओळखतात, या शोधाला 1996 चं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्यांतले पीटर डोहर्टी मूळचे जनावरांचे डॉक्टर. तेव्हा मायक्रोबायॉलॉजीतून इकडं वळता येईल का, ही काळजी सोडा.

आता पोटाचं. माणसातल्या या रेणूंना एचएलए म्हणतात. किडनी बसवण्याआधी जुळवून बघतात ते हेच. अशा लॅबमध्ये एमएस्सीनंतर काम मिळू शकतं, पण जागा थोड्या आणि शोधाव्या लागतील पुण्या-मुंबईकडं. संशोधन करायचं तर एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर लगेच कायमची नोकरी लागेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून आधी वानगी बघा. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये. वाचायला आवडणं वेगळं आणि सतरांदा फसलेला प्रयोग अठराव्यांदा लावणं वेगळं. परत आल्यावर तिचा चेहराच सांगेल.

बीएड एमएस्सीनंतरही करता येतं. एमएस्सी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही होईल. मोठ्या संस्थांसाठी मात्र जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास निघतात, तेवढी तारीख चुकवू नका.