सुरवंटाच्या पाठीवरची पांढरी ‘अंडी’ काढली तर तो वाचेल का?

तुम्ही विचारलंय की बेलापूरच्या पारसिक टेकडीवर गवतात एक सुरवंट दिसला, पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली. ती काढली तर तो वाचेल का, आणि असंच चालू राहिलं तर टेकडीवरची फुलपाखरं संपतील का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. मुळात ती अंडी नाहीत, कोश आहेत. अंडी घालण्याचं काम बऱ्याच आधी उरकलंय, तेही सुरवंटाच्या अंगात. जेमतेम तीन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी येते, मागची सुईसारखी नळी सुरवंटात खुपसते आणि उडून जाते. (घाबरू नका, खिडकीच्या छज्जाखाली पोळं करणाऱ्या गांधीलमाश्यांची ही दूरची नातलग असली तरी माणसाच्या वाटेला जात नाही.) आतल्या अळ्या सुरवंटाच्या रक्तावर आणि चरबीवर पोसतात. वाढ पुरी झाली की कातडी भोकसून बाहेर येतात आणि तिथेच रेशमाचे कोश विणतात. तुम्ही पाहिलात तो हा शेवटचा अंक. सुरवंट हलतो म्हणून जिवंत वाटतो, पण बहुतेकदा तो पुन्हा खात नाही आणि त्याचं फुलपाखरू होत नाही. कोश खरवडून फक्त गांधीलमाश्या मरतील.

मला यातली सर्वांत अजब गोष्ट वाटते ती विषाणूची. सुरवंटाचं शरीर परकी अंडी निमूटपणे का सहन करतं? कारण या माश्या अंड्यांबरोबर विषाणूचे कण टोचतात आणि ते सुरवंटाची प्रतिकारशक्ती लुळी पाडतात. या विषाणूची जनुकं माशीच्याच जनुकांत मुरलेली आहेत, सुमारे दहा कोटी वर्षांपासून. म्हणजे विषाणू आता तिच्या घरचाच झालाय.

आपल्याकडे कीर्तनात कीटक-भृंग न्याय सांगतात ना, कुंभारमाशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि तिच्या ध्यासाने अळीचीच माशी होते. निरीक्षण अर्धं बरोबर आहे, आत जाते अळी आणि बाहेर येते माशी. मधे काय होतं ते कीर्तनात सांगण्यासारखं नाही.

आता फुलपाखरं संपण्याचं. यावर सर्वांत चिकाटीचं काम फिनलंडच्या ओलांड बेटांवर झालंय. तिथे सुमारे चार हजार लहानमोठी कोरडी कुरणं आहेत. इल्का हान्स्की आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून त्यांतल्या ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. त्याच्या सुरवंटांवर दोन गांधीलमाश्या जगतात. एक कोटेशिया, तिला लांब उडणं जमत नाही. कुरणं जवळजवळ असली तर ती टिकते आणि एखाद्या ठिकाणी सुरवंटांचा पार फडशा पाडते, पण तुटक कुरणांतून तीच आधी नाहीशी होते. दुसरी हायपोसोटर. ही फुलपाखराच्या अंड्यांचे पुंजके आधीच हेरून ठेवते, परत परत येऊन बघते आणि सुरवंट कवच फोडण्याच्या बेतात असताना नेमका डाव साधते. तरीही पुंजक्यातल्या साधारण एक तृतीयांशांनाच टोचते आणि बाकीचे सोडून देते. शिवाय या माश्यांच्या अळ्यांवर जगणाऱ्या आणखी बारक्या गांधीलमाश्याही आहेत. चोरावर मोर!

पारसिकला ते आकडे लावता येणार नाहीत. ओलांडला फुलपाखराची वर्षाला एकच पिढी होते, इथे पावसाळ्यात पिढीमागून पिढी. पण चाल तीच. सुरवंट वाढले की माश्या मागून वाढतात, सुरवंट घटले की माश्यांची उपासमार, की पुन्हा सुरवंटांना मोकळं रान. म्हणून सोसायटीच्या बागेत अळी दिसली की लगेच फवारणी करणं मला पटत नाही. औषधाने माश्याही मरतात, आणि पुढच्या खेपेला सुरवंट आधी येतात, माश्या मागाहून. तोवर झाडाचा खराटा झालेला असतो.

टेकडीवरच्या फुलपाखरांची काळजी वाटत असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेल्या गवताला लागणाऱ्या, किंवा लावल्या जाणाऱ्या, आगींची करा. खारघरच्या बाजूलाही हेच चालतं. त्यात सुरवंट, कोश, गांधीलमाश्या सगळंच जळतं.

तो सुरवंट पुन्हा सापडला तर भिंगातून रिकामे कोश बघा. टोकाला डबीच्या झाकणासारखी गोल चकती सफाईने कापलेली असेल तर मूळ गांधीलमाशी बाहेर पडली. बाजूला वेडंवाकडं कुरतडलेलं बारीक भोक असेल, तर आत दुसऱ्याच कुणीतरी तिला खाल्लंय.