समर प्रोग्रामला चाललायस, तर आधी एवढं ऐक

भावा, ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायच्या समर प्रोग्रामला सिलेक्शन झालं, लय भारी, पण आता एप्रिलच्या उन्हात घरी बसून मोठी सिंफनी लिहायला घेऊ नको. दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा ने, पण तो नीट वाजला पाहिजे. कॉम्प्युटरवर सगळंच गोड वाजतं बे, तिथं फ्लूटचा खालचा सा ट्रम्पेटच्या वर ऐकू येतो, खऱ्या ऑर्केस्ट्रात फ्लूट खाली गेली की ब्रासखाली (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) पार दबून जाते. आणि सॉफ्टवेअरला दम लागत नाही, माणसाला लागतो, म्हणून फुंकायच्या वाद्यांना श्वास घ्यायला जागा ठेव.

आपल्याकडं लग्नाच्या बँडात क्लॅरिनेटवाले असतात ना, सीझन संपला की एखाद्याला चहा पाजून समोर बसव आणि खालच्या पट्टीपासून वरपर्यंत वाजवायला सांग, खाली जाड घुमतं, मधे जरा फिकं पडतं, वर टोचतं, हे पुस्तकातनं कळत नाही. बी फ्लॅट क्लॅरिनेटला सी ऐकू यायला हवा तर डी लिहावा लागतो, हेपण त्याच्याकडंच बघ. म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॉन्सर्ट पिच (म्हणजे जसा सूर ऐकू येतो तसाच दिसतो) चालू ठेवून लिही, पार्ट म्हणजे प्रत्येक वादकाचा वेगळा कागद काढताना मात्र बंद कर, नाहीतर रिहर्सलला सगळा गोंधळ.

व्हायोलाच्या नोटेशनमध्ये अल्टो क्लेफ असतो, म्हणजे कुठली रेघ कुठला सूर हे सांगणारी सुरुवातीची खूण, तो आत्तापासून वाचायला शिक, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

पार्टवर बार नंबर (मात्रांच्या प्रत्येक खान्याचा नंबर) हवेतच, आणि पान उलटायची वेळ रेस्टवर, म्हणजे वादक गप्प असताना, येईल असं बघ.