पॅरिस, स्त्रासबुर, ल्यों, मार्सेय आणि लंडन : आई-वडिलांसोबत फ्रेंच जेवण कुठे घ्यावे?

आपण विचारले आहे की सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन पॅरिस, स्त्रासबुर, ल्यों, मार्सेय आणि परतताना लंडन असा प्रवास आहे, वडील गोमांस सोडून सर्व खातात, आई शाकाहारी असून त्यांना अंडे चालते, तर प्रत्येक ठिकाणी चांगले फ्रेंच रेस्टॉरंट कोणते. मी नोकरीनिमित्त ल्योंमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था मला वरचेवर करावी लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक विनंती करते. ‘फ्रेंच रेस्टॉरंट’ असे काही एकच शोधू नका. इथे प्रत्येक प्रदेशाचे जेवण वेगळे आहे आणि ते जिथे मिळते त्या जागेचा प्रकारही वेगळा आहे. पॅरिसमध्ये बुइयों आणि ब्रासरी (मोठे, गजबजलेले रेस्टॉरंट), स्त्रासबुरच्या अल्सास प्रांतात विन्स्टुब, ल्योंमध्ये बुशों (छोटी पारंपरिक खानावळ), तर पश्चिम फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताकडच्या लोकांची क्रेपरी, म्हणजे पातळ धिरड्यांची जागा. स्त्रासबुरमध्ये बुइयाबेस, म्हणजे मार्सेयचा माशांचा रस्सा, मागवलेत तर कुठेतरी मिळेलही, पण करणाऱ्याचा हात त्यावर बसलेला नसतो आणि पैसे मात्र पुरेपूर मोजावे लागतात. त्या गावाचा पदार्थ त्या गावात खायचा एवढे ठरवले की निम्मी निवड आपोआप होते.

पॅरिसमध्ये पहिल्या संध्याकाळी, प्रवासाच्या शिणवट्यात, ग्राँ बुलव्हार मेट्रो स्थानकाजवळच्या ‘बुइयों शार्तिए’मध्ये जावे. हे 1896 पासून चालू आहे. बुइयों म्हणजे कष्टकऱ्यांना स्वस्तात गरम, पोटभर जेवण देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात निघालेल्या खानावळी. त्यांतली ही सर्वांत नावाजलेली. आरक्षण मिळत नाही, रांग लावावी लागते, पण रांग भराभर पुढे सरकते. आत उंच छत, मोठे आरसे, पितळी दांड्यांची सामान ठेवण्याची फडताळे आणि भिंतीत लाकडी खण आहेत, ज्यांत रोजचे गिऱ्हाईक पूर्वी आपला रुमाल ठेवून जात असे. काळे जाकीट आणि पांढरा एप्रन घातलेला वाढपी आपली मागणी टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेनाने लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज मांडतो. टेबलावर अनोळखी माणसे शेजारी बसवली जातात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आपल्या आईंसाठी उकडलेल्या अंड्यावर मेयोनेज, व्हिनेगर-तेलाच्या व्हिनेग्रेतमध्ये बुडवलेले लीक (कांद्याच्या जातीची भाजी), किसलेल्या गाजराची कोशिंबीर असे साधे पदार्थ मिळतील; वडिलांनी बदकाचा कोंफी, म्हणजे चरबीत मंद शिजवलेले बदक, घ्यावा. जेवण अप्रतिम असते असे मी म्हणणार नाही. ते चोख आणि स्वस्त असते, आणि त्या दालनात बसण्याला स्वतःची किंमत आहे.

पॅरिसमधले दुसरे जेवण मोंपार्नास स्थानकाच्या परिसरात घ्या. ब्रिटनीकडून येणाऱ्या गाड्या याच स्थानकात येतात, म्हणून तिकडून आलेली माणसे या भागात वसली आणि आसपासच्या गल्ल्यांत क्रेपरी उभ्या राहिल्या. मोंपार्नास रस्त्यावरची ‘जोसलँ’ जुनी आणि खात्रीची आहे. कुट्टूच्या पिठाचा तो पातळ, कडेला कुरकुरीत गालेत चीज, अंडे, पालक आणि मशरूम घालून मागवला की शाकाहारी माणसाचे पोट व्यवस्थित भरते, आणि शेवटी खारट लोण्यातल्या कॅरॅमलचा गोड क्रेप घेता येतो. ‘कोंप्लेत’ नावाच्या गालेतमध्ये मात्र डुकराचे हॅम असते. तवा डुकराच्या चरबीने पुसण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे, तेव्हा आईंना त्याचे वावडे असेल तर तवा लोण्याने पुसता का, हे आधी विचारून घ्यावे. निघण्यापूर्वी ही चव त्यांना ओळखीची करून द्यायची असेल, तर मुंबईत तीन फ्रेंच मित्रांनी सुरू केलेले ‘सुझेत’ आहे. तिथे कुट्टूचे गालेत करतात.

पैशांची अडचण नसेल आणि एखादे जेवण खास आईंसाठी करायचे असेल, तर आलँ पासार यांचे ‘आर्पेज’ हे एकच नाव मी घेईन. रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेचे तीन तारे असलेल्या या आचाऱ्याने 2001 मध्ये तांबडे मांस स्वयंपाकघरातून काढले, स्वतःच्या मळ्यांतल्या भाज्यांना ताटात मुख्य जागा दिली आणि 2025 मध्ये मध वगळता सर्व प्राणिजन्य पदार्थ बंद केले. दरडोई काही शे युरो लागतात आणि आरक्षण फार आधी करावे लागते. ज्या देशात भाजी मांसाच्या कडेला वाढण्याची रीत आहे तिथे एका मोठ्या आचाऱ्याने हे करून दाखवले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

स्त्रासबुरला रात्रीचे जेवण विन्स्टुबमध्ये घ्यावे. या लाकडी तावदानांच्या, बुटक्या छताच्या, उबदार जागा असतात. कॅथेड्रलजवळची ‘शे इव्हॉन’ प्रसिद्ध आहे आणि तिची प्रसिद्धी रास्त आहे. वडिलांसाठी आंबवलेल्या कोबीवर डुकराचे निरनिराळे प्रकार रचलेले शुक्रूत आहे. कॅथेड्रलच्या चौकातल्या ‘मेझों कामरझेल’मध्ये तेच शुक्रूत मासे घालून करतात, आणि मला ते अधिक आवडते. आईंसाठी तार्त फ्लांबे, म्हणजे कागदासारख्या पातळ लाटलेल्या पोळीवर आंबूस साय आणि कांदा पसरून धगधगत्या भट्टीत भाजलेला प्रकार. त्यावर डुकराच्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे सहसा असतात, म्हणून मागवतानाच ‘सां लार्दों’, म्हणजे ते तुकडे नकोत, असे सांगावे. भट्टी पुष्कळ ठिकाणी संध्याकाळीच पेटते, त्यामुळे दुपारी हा पदार्थ नाही म्हणून सांगितले तर नवल वाटू देऊ नका.

आता ल्यों. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या प्रवासात सर्वांत चांगले जेवण इथे मिळू शकते आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. जुन्या शहरातला सें-झां रस्ता आणि नदीपलीकडचा मेर्सिएर रस्ता या दोन्हींवर ओळीने ‘बुशों’ अशा पाट्या दिसतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पर्यटकांपुरते बेताचे जेवण मिळते. दारावर तांबड्या नाकाच्या, हातात पेला घेतलेल्या न्याफ्रों या बाहुल्याचे चित्र असलेली ‘ले बुशों ल्योने’ची पाटी आहे का, ते पाहावे, स्थानिक संघटना ठरलेल्या निकषांवर तपासणी करून ती देते. नावेच हवी असतील तर एने भागातले ‘कॅफे कोंत्वार आबेल’, ऑपेराजवळचे ‘ल गारे’ आणि झोझेफ व्हिओला यांचे ‘दानिएल ए दनीझ’. आई-वडिलांसोबत मी शेवटच्या ठिकाणी जाईन, कारण बसायला थोडी ऐसपैस जागा असते आणि स्वयंपाक फार नीटस असतो.

बुशोंतल्या जेवणाला एक गती असते. टेबले एकमेकांना खेटून, कोपराला कोपर लागेल अशी. सुरुवातीला मसूर, बटाटे, बीट अशा कोशिंबिरींची वाडगी येतात. काही ठिकाणी ती टेबलावर ठेवूनच देतात आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचे. वाइन जाड बुडाच्या, 46 सेंटिलिटरच्या बाटलीतून येते, तिला ‘पो’ म्हणतात. मग क्नेल. पाइक नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचे मऊसूत मिश्रण लांबट वळून, झिंग्यासारख्या एक्रेव्हिसच्या केशरी सॉसमध्ये भट्टीत ठेवतात. ते टम्म फुगून टेबलावर येते आणि बोलण्यात वेळ घालवला तर डोळ्यांदेखत खाली बसते, म्हणून आले की लगेच खायला घ्यावे. वडिलांसाठी हे उत्तम, किंवा व्हिनेगरमधली कोंबडी. गोमांस टाळायचे असल्याने त्यांनी दोन पदार्थांपासून दूर राहावे: ‘ताब्लिए द सापर’ हा गाईबैलाच्या जठराचा असतो, आणि इथल्या पद्धतीच्या आंदुइएत या सॉसेजमध्ये वासराची आतडी असतात. यादीत ‘बफ’ आणि ‘व्हो’ हे दोन शब्द दिसले की ते गोवंशाचे मांस समजावे.

शाकाहारी माणसासाठी बुशों अवघड आहे, हे स्पष्टच सांगते. तरीही लसूण, कांदापात आणि औषधी पाने घालून फेटलेल्या ताज्या चक्क्याचा ‘सेर्व्हेल द कान्यू’ उकडलेल्या बटाट्यांबरोबर, मसुराची कोशिंबीर, सायीत भाजलेले बटाटे आणि शेवटी गुलाबी साखरेत घोळवलेल्या बदामांचा तार्त, एवढ्यावर छान जेवण होते. आरक्षण करतानाच कळवले तर आचारी आनंदाने ऑम्लेट करून देतो. ऐन वेळी सांगितले तर तो अडचणीत येतो. चीजबद्दल मात्र आईंनी आधीच ठरवावे, कारण फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजे वासराच्या जठरातून काढलेले रेनेट घालून विरजतात.

ल्योंचे हे सगळे वैभव स्त्रियांनी उभे केले आहे, हेही आई-वडिलांना जेवताना जरूर सांगा. श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या लहान खाणावळी थाटल्या. त्यांना इथे ‘मेर’, म्हणजे आई, म्हणतात. त्यांपैकी उझेनी ब्राझिए यांनी 1921 मध्ये र्वायाल रस्त्यावर जागा घेतली आणि 1933 मध्ये त्यांच्या दोन रेस्टॉरंटांना मिशलँचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. पुढे जगभर गाजलेले पोल बोक्यूझ तरुणपणी त्यांच्याच हाताखाली शिकले. ‘ला मेर ब्राझिए’ आजही त्याच पत्त्यावर चालू आहे. तिथे दुपारी जावे, रात्रीपेक्षा खर्च बराच कमी येतो.

मार्सेयला बुइयाबेस खायचे तर एका जेवणावर मोठा खर्च करायचा आणि बाकी दिवस साधे खायचे, अशी तयारी ठेवा. तिथल्या काही रेस्टॉरंटांनी 1980 मध्ये एक सनद केली. तिच्यानुसार ठरलेल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे लागतात, रस्सा आणि मासे वेगवेगळे वाढले जातात, आणि मासे गिऱ्हाइकासमोर कापून देतात. आधी केशराचा दाट रस्सा, लसूण चोळलेले पावाचे खरपूस तुकडे आणि रूइय ही लसूण-मिरचीची झणझणीत चटणी, मग मासे. चांगल्या ठिकाणी दरडोई साठ युरोंच्या वर सहज जाते. रस्त्यावरच्या पाटीवर वीस युरोंत बुइयाबेस लिहिलेले दिसले तर तो नुसता माशाचा सूप समजावा. व्हालों देझोफच्या चिमुकल्या बंदरातले ‘शे फोंफों’ मी सुचवेन. त्या दिवशी आईंसाठी तुळशीकुळातल्या बेसिलचे वाटण घातलेले भाज्या-घेवड्याचे ‘सूप ओ पिस्तू’ कुठे मिळते ते आधी बघून ठेवा. मार्सेयच्या लेस्ताक भागातले ‘पानिस’ मात्र त्यांना हमखास आवडतील: हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, पिठल्याच्या वडीसारखे थापून, काप करून तळलेले. गरमागरम, वर मीठ-मिरी.

रेस्टॉरंट पारखण्याच्या काही खुणा सगळीकडे सारख्याच लागू पडतात. दारात हाताने लिहिलेला फळा आणि त्यावर मोजके पदार्थ असतील तर आत जावे. सहा भाषांतली, फोटो चिकटवलेली जाडजूड यादी असेल तर पुढे निघावे. छपराचे झाकण असलेल्या पातेल्याचे ‘फे मेझों’ हे चिन्ह कच्च्या मालापासून तिथेच रांधलेल्या पदार्थासाठी असते. ते 2014 पासून आहे. कामाच्या दिवशी दुपारी ‘फोर्म्युल’, म्हणजे ठरावीक दरातले ठरलेले जेवण, घेतल्यास तेच स्वयंपाकघर बऱ्याच कमी पैशांत जेऊ घालते. नळाच्या पाण्याची ‘कराफ दो’ आणि पाव यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि सेवाशुल्क दरातच धरलेले असते, त्यामुळे बक्षिशी दिलीच पाहिजे असे नाही. आईंसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘एल ए व्हेजेतारिएन, नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे त्या शाकाहारी आहेत, मांसही नको, मासेही नकोत. मासे वेगळे सांगावेच लागतात. कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात करतात, म्हणून आई आणि वडील दोघांनीही ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

लंडनमध्ये दोनच दिवस असतील तर पिकॅडिलीजवळच्या तळघरातली ‘ब्रासरी झेदेल’ पुरेशी आहे. जुन्या पॅरिसची घडण असलेले भव्य दालन, माफक दर आणि शाकाहारी पदार्थांची वेगळी सोय. बाकी फ्रान्समधल्या वेळा मात्र सांभाळा. दुपारचे जेवण बारा ते दोन, रात्रीचे साडेसातनंतर, आणि मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात. रविवार आणि सोमवार अनेक ठिकाणी सुट्टी असते, काही बुशों शनिवार-रविवारही उघडत नाहीत. म्हणून ल्योंचा मुक्काम मंगळवार ते शुक्रवार यांमध्ये बसवता आला तर पाहा आणि टेबले आठवडाभर आधी राखून ठेवा.